माळावरची बाळंतीण

विजयमाला काकींनी कुरडया घालण्यासाठी पडवीतली बाज अंगणात ओढली, तर ती फारच हलकी लागली. वाकून बघतात तो बाजेला नवार नाही. चार पायांवर उभा असलेला लाकडाचा नुसता सांगाडा. इकडं चुलीवर गव्हाचा चीक शिजून तयार, सोऱ्या धुऊन ठेवलेला, फाल्गुनातलं ऊन पाठीला चटके द्यायला लागलेलं, आणि दिवाळीआधी हौसेनं भरून घेतलेली पांढऱ्या सुती पट्टीची नवार गायब. चोर शिरला म्हणावं, तर शेजारच्या खुंटीला अडकवलेली नवी बॅटरी जागच्या जागी होती. बॅटरी सोडून बाजेची नवार उसवून नेणारा चोर सगळ्या कवठे महांकाळ तालुक्यात अजून जन्माला आला नसेल.

म्हणजे काम घरातलंच. आणि घरात माणसं दोनच, एक त्या आणि दुसरे त्यांचे मालक लालासाहेब. लालासाहेब फौजेच्या इंजिनिअर पलटणीतून सुभेदार होऊन परतले होते, पण पलटण काही त्यांच्या अंगातून परतली नव्हती. आज ते पहिल्या एस्टीनं सांगलीला गेले होते. चहा अर्धा टाकलेला, मोबाईल देवळीत चार्जिंगला तसाच. सांगलीला जाण्यात नवल काहीच नव्हतं. बोरमाळ गावाला उपसा योजनेचं पाणी मिळावं म्हणून गेली कित्येक वर्षं ते विश्रामबागेतल्या हापिसाचे उंबरे झिजवत होते. तिथले साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, पण समोर बसून राहणारे सुभेदार तेच. शेवटी हापिसालाच त्यांचा कंटाळा आला असावा, कारण यंदा खरंच काम मंजूर झालं. माळावर खणायचं पोकलेन मशीन आलं, हत्ती आत बसेल असल्या पाइपांची रांग लागली आणि पावसाळ्याच्या आत तलावात पाणी पडणार असं गाव छातीठोक सांगू लागलं.

काकी मनातल्या मनात सुभेदारांची पूजा बांधत होत्या, तेवढ्यात पोकलेनचा ऑपरेटर वजीर धापा टाकत अंगणात आला. वजीर मिरजेकडचा, पण काम सुरू झाल्यापासून दुपारची भाकरी काकींच्या पडवीतच खायचा.

"काकी, भाईर पडा. माळावर सुरुंग घावल्यात," तो म्हणाला. "समदं गाव देवळाकडं निघालंय."

आता हे दुसऱ्या कुठल्या गावात घडलं नसतं. दुसऱ्या गावात माळावर पांढरी पट्टी आणि लाल त्रिकोण दिसले असते, तर लोकांना वाटलं असतं, कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पडायचाय. पण बोरमाळात घरटी एक माणूस फौजेत. गुडघाभर उंचीवर ताणलेली पांढरी पट्टी, तिच्यावर टोक खाली करून टांगलेले लाल त्रिकोण, याचा अर्थ इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुरुंग पेरलेलं मैदान. त्यात कधीकाळी माळावर फौजेचा गोळीबाराचा सराव चालायचा, हे म्हाताऱ्यांनी ऐन वेळी आठवून सांगितलं. वजीर सकाळी मशीन सुरू करायला गेला, तर पुढ्यात हे. त्यानं मशीन तिथंच बंद केलं आणि गावात पळत आला.

काकी हात पुसतच निघाल्या, पण देवळाकडं नाही. वजीरच्या तोंडून पांढरी पट्टी ऐकल्यावर त्यांच्या डोक्यात काहीतरी वळवळायला लागलं होतं.

माळावर गावातले निवृत्त फौजी जमले होते. सगळ्यांच्या पुढं तोफखान्यातले नानासो हवालदार. एरवी गुडघे धरून पारावर पत्ते कुटत बसणारा हा माणूस आज जुनी टोपी तिरकी घालून, तोंडात शिट्टी धरून उभा होता. त्यानं माणसं अंतरा-अंतरावर पेरली होती. कुणाला पुढं येऊ देत नव्हता आणि पोलिसांना फोन कुणी करायचा यावर एका नायकाशी त्याचं भांडण चाललं होतं. नानासो आणि लालासाहेब यांचं पटत नसे. तोफखाना मोठा का इंजिनिअर पलटण मोठी, हा वाद दोघं गावी आल्यापासून चालू होता. आज लालासाहेब नाहीत हे बघून नानासो अंगात आल्यागत हुकूम सोडत होता.

त्यानं काकींना अडवलं. "वैनी, माघारी फिरा. हितनं पुढं पाऊल टाकू नगा."

काकींनी डोळे बारीक करून बघितलं. पट्टी म्हणजे त्यांच्या बाजेची नवार, याबद्दल शंकाच नव्हती. मग त्यांची नजर लाल त्रिकोणावर गेली. त्याच्या कडेला जरीची बारीक बुट्टी उन्हात चमकत होती.

"नानासो, ह्यो सुरुंग न्हवं," त्या म्हणाल्या. "ह्यो माझा खण हाय. संक्रांतीला साताऱ्याच्या नणंदबाईंनी वटीत घातल्याला. एकदा बी अंगाला लावला नव्हता मी."

आणि नानासोची शिट्टी वाजेपर्यंत त्या नवार ओलांडून आत गेल्यासुद्धा. मागं वजीरनं डोळे मिटून घेतले. काकी तरातरा मधोमध पोचल्या आणि थबकल्या. समोर बोरीच्या जाळीखाली मुरमात एक बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी दोन इवलीशी तोंडं, तोंडापेक्षा कान मोठे, त्यांच्याकडं टकामका बघत होती. पलीकडं खडकावर त्यांची आई उभी. मांजराहून थोडी मोठी, झुबकेदार शेपटी, शेपटीचं टोक काळं. पळून जावं की पिलांकडं यावं, तिला कळत नव्हतं.

काकींनी तिला ओळखलं. म्हणजे ऐकून ओळखत होत्या. लालासाहेब रोज पहाटे माळावर फिरायला आणि पीटी करायला जात आणि घरी येऊन या छोट्या कोल्ह्यासारख्या खोकडीचं गुणगान गात. ती म्हणे लांब बसून त्यांची पीटी बघायची. पलटणीतसुद्धा एवढं मन लावून कुणी बघितलं नव्हतं. काकी तिला माझी सवत म्हणायच्या आणि भाकरी थापता थापता तिच्या नावानं सुभेदारांना टोमणे मारायच्या. म्हणूनच ही पिलांची आणि नवारीची गोष्ट सुभेदारांनी घरात सांगितली नसणार. आज मात्र सवतीचं ते हाडकुळं, दूध पाजून आटलेलं अंग बघून काकींनी वाजू नयेत म्हणून बांगड्या मुठीत धरल्या. आल्या पावली त्या हळूच मागं सरकल्या आणि नवारीबाहेर आल्या.

"आत सुरुंग न्हाई," त्या म्हणाल्या. "बाळंतीण हाय."

तोवर देवळाकडं गेलेलं गावही काकी माळावर गेल्याचं ऐकून तिथं येऊन उभं राहिलं होतं. आधी कुणाला काही कळेना. कळलं तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि फौजींची तोंडं बघण्यासारखी झाली. सगळ्यात जास्त तोंड उतरलं नानासोचं, कारण टोपी त्यानंच घातली होती. पण हसणं फार टिकलं नाही. ठेकेदाराचा मुकादम दिग्विजय पुढं आला. पाइप नेमका त्या बिळावरून जाणार होता, आणि त्याचं मशीन सकाळपासून उभं होतं. तो म्हणाला, एका खोकडासाठी काम अडवायचं असेल तर खुशाल अडवा, मी उद्या मशीन शेजारच्या गावाच्या फाट्यावर नेतो. तुमचा नंबर मग पावसाळ्यानंतर.

हे ऐकल्यावर सगळ्यांच्या नजरा तलावाकडं वळल्या. तलाव तळ दाखवत होता. गावातल्या विहिरींनी माघातच हात वर केले होते. गर्दीतून कुणीतरी म्हणालं की काठीनं हुसकून लावली तर जाईल की ती, माळ काय कमी पडलाय. त्याला कुणी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. काकींना ते ऐकून वाईट वाटलं. जास्त वाईट याचं वाटलं, की माणूस चुकीचं बोलत होता असंही म्हणता येईना. पाणी त्यांनाही हवंच होतं.

एवढ्यात हापिसाची जीप धुरळा उडवत आली. जीपमधून लालासाहेब उतरले आणि त्यांच्यामागून विश्रामबागेच्या हापिसातल्या इंजिनिअर संयोगिता मॅडम. सगळं गाव माळावर बघून सुभेदारांची छाती फुगली. त्यांना वाटलं, खोकडीच्या रक्षणाला गाव धावून आलं. ती फुगलेली छाती खाली बसायला वेळ लागला नाही. नानासोनं आधी त्यांना कडक सॅल्यूट ठोकला आणि मग ठेवणीतल्या शिव्या दिल्या.

झालं असं होतं. आदल्या दिवशी मशीन दुसऱ्या दिवशी बिळावर पोचणार हे सुभेदारांना कळलं. अंधार पडायच्या आत त्यांनी हद्द आखली आणि सकाळी हापिस गाठलं. हद्द बघून वजीर पलीकडून काम धरील, एवढाच त्यांचा हिशेब. गावाला सुरुंग दिसतील हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"हद्द आखायची मला ही एकच रीत ठावं हाय," ते खाली बघत म्हणाले. "दुसरी कुनी शिकवलीच न्हाई." मग मान वर करून गावाला म्हणाले, "ह्या पान्यापायी मी म्हातारा झालो. पानी आपल्याला पायजेच. पर त्येचा पयला घोट घेताना तिची पिल्लं आठवाया नगंत, एवढंच माझं म्हननं हाय."

संयोगिता मॅडम लांबूनच बीळ बघून आल्या. त्या म्हणाल्या की हे जनावर कायद्यानं राखलेलं आहे, वनरक्षकाला कळवते, आणि पिलं आहेत तोवर इथं मशीन फिरकणार नाही. पाइपाचं म्हणाल तर बिळाला लांबून वळसा घालून नेता येईल, नकाशात तेवढा बदल त्या करून देतील. मुकादम म्हणाला, वळसा खणायचा कुणी? मशीन आणायचं नाही म्हणता, आणि मजूर सगळे ऊसतोडीला गेलेत. तुमच्या गावात खणणारी माणसं आहेत कुठं? पारावर बसलेले हे पेन्शनर खणणार का?

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. नानासोनं तोंडातली शिट्टी काढून खिशात घातली.

"खंदक खनाय तू आमाला शिकवतूस व्हय रं?" तो म्हणाला. "काश्मिरात खडक फोडलाय आमी. ह्यो तर मुरूम हाय."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला म्हाताऱ्यांची पलटण माळावर हजर. गावात टिकाव आणि खोरं म्हणतात, पण त्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी फौजेतलं गैंती आणि बेलचा. वजीरनं मशीन पार तलावाकडच्या टोकाला नेलं आणि तिकडून खणत यायला लागला. इकडं वळशाचे दोन भाग पडले. एक लालासाहेबांच्या तुकडीनं खणायचा, दुसरा नानासोच्या. दुपारपर्यंत कुणाचा किती झाला यावर पैजा लागल्या, आणि इंजिनिअर पलटणीला मुरमातलं काय कळतंय, तोफखान्याला फक्त आवाज काढता येतो, असली जुनी भांडणं नव्यानं रंगली. खोकडीला त्रास नको म्हणून हळू बोलायचं ठरलं होतं. ते हळू बोलणं गावातून ऐकू यायचं.

काकींच्या कुरडया त्या वर्षी राहूनच गेल्या. चीक म्हशीनं खाल्ला. रोज दुपारी त्या पाटीत झुणका, भाकरी आणि खर्डा घेऊन माळावर जायच्या. पायाखालचा मुरूम तापून लाल झालेला असायचा आणि चरात कमरेइतके उतरलेले म्हातारे घामानं निथळत, एकमेकांना नावं ठेवत खणत असायचे. ज्यांना घरात पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता, ते बेलच्यानं माती भिरकावत होते. नानासोचे गुडघे दुखल्याचं कुणी ऐकलं नाही. आणि जेवताना नानासो आणि सुभेदार एकाच बोरीच्या सावलीत, एकाच पाटीतलं खायला लागले, हे बघून काकींना मनापासून बरं वाटायचं. तसं त्या कुणाला दाखवत नव्हत्या, उलट झुणक्याला फोडणी कमी पडली म्हणून सुभेदारांनी काढलेल्या खोडीला चांगलं उत्तर द्यायच्या.

अशाच एका सकाळी काकी म्हशीला वैरण आणायला रानात गेल्या. त्यांच्या शेताच्या बांधाला वेचून टाकलेल्या दगडांचा जुना ढीग होता, वर घाणेरी माजलेली. ढिगाजवळ काहीतरी हललं म्हणून त्या बाभळीच्या आडोशाला थांबल्या. माळाकडून खोकड येत होती. तोंडात मानगुटीला धरलेलं पिलू लोंबत होतं. ती दगडाच्या फटीत शिरली, रिकाम्या तोंडानं बाहेर आली आणि पुन्हा माळाकडं निघाली. जाताना तिनं काकींकडं एकदा बघितलं. काकी हातातला विळा तसाच धरून दुसरं पिलू येईपर्यंत हलल्या नाहीत.

तोफखाना आणि इंजिनिअर पलटण यांच्या हळू बोलण्याला कंटाळून बाईनं घर बदललं होतं. म्हणजे बीळ रिकामं. म्हणजे वळशाची गरज संपली. काकी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन घरी आल्या, सुभेदारांना चहा दिला, आणि गप्प राहिल्या. तोंड उघडलं तर काय होणार ते त्यांना दिसत होतं. मशीन येणार, बीळ भुईसपाट होणार आणि म्हातारे पुन्हा पारावर जाऊन पत्ते पिसणार. त्यांना ते नको होतं, आणि का नको ते धड सांगताही आलं नसतं.

पण अशी गोष्ट लपत नाही. वळसा जवळजवळ होत आला तेव्हा मुकादम दिग्विजय माप घ्यायला आला. त्याचं सहज बिळाकडं लक्ष गेलं. बिळाच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. आत कुणी नाही हे कळायला इंजिनिअर लागत नव्हता. त्याला हसू आवरेना. म्हणाला, रिकाम्या बिळासाठी खणत बसलाय होय? आता वळसा कशाला हवा, वजीरला बोलावतो, सरळ घ्या लाइन. दोन पाइप वाचतील.

नानासोनं बेलचा खाली टाकला. एकाच बिळानं त्याचं दोनदा हसं केलं होतं. लालासाहेब चराच्या काठावर बसून राहिले. बीळ रिकामं होतं हे खरंच होतं. वजीर मशीन घेऊन आला, पण त्यालाही हात घालवेना. तो खाली उतरून काकींकडं बघत उभा राहिला. काकींनी पाटी खाली ठेवली.

"ती माझ्या बांधाला हाय," त्या म्हणाल्या. "दगडाच्या ढिगात. पोरं घिऊन आलीया. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय."

सगळे त्यांच्याकडं वळले. सुभेदारांनी तर बायकोकडं असं बघितलं, जसं लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर बघितलं असेल.

"बाळंतीण माह्यारी गेली म्हून तिचं घर कुनी पाडतं व्हय?" काकी म्हणाल्या. "पोरं मोठी झाली की ती माघारी येनार. तवा घर कुटं हाय म्हून तिनं इचारलं, तर काय सांगायचं? दोन पाइप वाचवलं म्हून सांगायचं?"

मुकादमाला दोन बहिणी होत्या. तो मापाची टेप गुंडाळत बसला, ती गुंडाळायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. मग नानासोनं टाकलेला बेलचा उचलला, हातावर थुंकी चोळली आणि म्हणाला की इंजिनिअरवाल्यांचा भाग अजून वीतभर मागं आहे, तेवढा पुरा करा आणि मग काय बोलायचं ते बोला. लालासाहेब उठून चरात उतरले.

पाइप वळसा घेऊन गेला. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत तलावात पाणी पडलं, आणि पाइपाच्या तोंडातून पहिला लोट येताना नानासो आणि सुभेदार दोघंही कपड्यांसकट भिजले. पहिला घोट कुणी प्यायचा यावर त्यांचं भांडण झालंच. नवार परत आली, काकींनी ती सोड्याच्या पाण्यात भिजवून धुतली आणि बाजेला पुन्हा भरून घेतली. त्रिकोणांचा खण मात्र वाया गेला. बांधावरची पिलं पाऊस सुरू झाल्यावर कधी निघून गेली, कळलं नाही. काकी दगडाच्या ढिगाकडं अधूनमधून नजर टाकायच्या, आणि त्या तसं करतात हे सुभेदारांना ठाऊक होतं.

पुढल्या हिवाळ्यात पाइपलाइनच्या कडेनं रस्ता करायचं ठरलं. रोलर येणार असं गावात झालं होतं. एका सकाळी काकींनी शेंगा वाळत घालायला बाज अंगणात ओढली, आणि ती फारच हलकी लागली. वाकून बघतात तो बाजेला नवार नाही.

काकी क्षणभर त्या रिकाम्या सांगाड्याकडं बघत उभ्या राहिल्या आणि आपल्याशीच हसल्या. म्हणजे सवत माहेराहून आली होती तर. तेवढ्यात नानासोच्या अंगणातून त्याच्या कारभारणीचा आवाज ऐकू आला. त्यांच्याही बाजेची नवार कुणीतरी उसवून नेली होती आणि ती घरातल्या घरात चोराचा शोध घेत होती. काकींनी तिला काही सांगितलं नाही. त्यांनी ट्रंक उघडली, तळातला एक लाल खण काढला आणि कात्री घेऊन माळाकडं निघाल्या.